काजळीचं वय विचार

पाषाण, पुणे

चि. हीस अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख दोनदा पाहिला. ‘काजळीवर ढगाचा थेंब बसत नाही’ हे वाक्य प्रबंधात लिहायची घाई करू नकोस. तू मोजलीस ती काजळी ज्योतीतून निघून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. मीही तुझ्या वयात असाच निष्कर्ष काढला होता आणि पुढे तो मागे घ्यावा लागला.

समईच्या ताज्या काजळीवर पाण्याचा थेंब सोडून बघ. अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. शिवाय ती गोल नसते, बारीक मण्यांच्या फांद्याफांद्यांची जाळी असते. पण स्वारगेटच्या चौकात डिझेलच्या धुरातून निघालेला कण सह्याद्रीवरच्या ढगात पोचेपर्यंत त्यावर गंधकाम्ल, नायट्रेट, सेंद्रिय वाफा बसत जातात. ओझोननं पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होतं. कण पाण्याला धरू लागतो.

लेप किती लागतो, हे मांडून बघ. ढगातली अतिसंपृक्तता, म्हणजे संपृक्त हवेहून जास्तीची वाफ, ०.३ टक्के धर. निव्वळ अमोनियम सल्फेटचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराचा, ६५ नॅनोमीटरचा कण तिथे थेंब होतो. न विरघळणारा, नुसता ओला होणारा कण मात्र ७०० नॅनोमीटरच्या आसपास हवा. आता १५० नॅनोमीटरची काजळी घे: आकारमानाच्या साधारण ७ टक्के सल्फेट मिसळलं की काम होतं. इतकंसं! हे गणित मला अजूनही थक्क करतं.

आणि इथेच खरी मेख आहे. लेप बसताना ती जाळी आक्रसते, फांद्या गुंडाळून घट्ट गोळा होतो. गणितात व्यासाचा घन येतो. व्यास २० टक्क्यांनी घटला आणि तू जुनाच आकडा घातलास, तर कणाची जलग्राहकता, म्हणजे पाणी ओढून घेण्याची क्षमता, खरीच्या जवळजवळ निम्मी निघेल. म्हणून लेपानंतर व्यास पुन्हा मोज, दर वेळी. कंटाळवाणं आहे, तरी कर.

सरासरीवर विसंबू नकोस. शहरातल्या हवेत ताजी आणि जुनी काजळी शेजारी शेजारी असते, दोन्ही एकत्र केलीस तर मधला आकडा कुठल्याच कणाचा नसतो. महाबळेश्वरला ढग जमिनीलाच टेकतात, तिथे एक पावसाळा काढता आला तर काढ.

शनिवारी कच्च्या नोंदी घेऊन ये. प्रत्येक नमुन्यासमोर ज्वलनानंतर किती तास गेले ते लिहिलेलं असू दे. आलेख नंतर काढू.

तुझा,
सर