ताट समोरच्या घरात, तुम्ही चहा-खारीवर

पत्र जरा लांब होतं, थोडं कापून देते:

"मी वडगावात राहते. वय एकसष्ट. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, माग विकून टाकले. मुलगा-सून पुण्यात, दोघंही नोकरीला. स्वयंपाकाची हौस मला पहिल्यापासून. मुलानंच फोन घेऊन दिला आणि म्हणाला, 'आई, काय करतीस त्याचा फोटो टाकत जा.' तेव्हापासून घरच्या ग्रुपवर आणि स्टेटसला रोज ताटाचा फोटो टाकते. खिडकीतनं उजेड चांगला येतो म्हणून चार वाजताच ताट वाढते. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी. सणाला पुरणपोळी आणि कटाची आमटी. थोडं केलं तर फोटोत बरं दिसत नाही, म्हणून चौघांचं करते. नात्यातल्या बायका वा वा करतात. खरं मुलगा नुसता अंगठा टाकतो. सून तेवढंही करत नाही, बघते आणि गप्प बसते. फोन रविवारी, तोही दोन मिनिटांचा. फोटो झाला की सगळं समोरच्या अक्कांच्यात देते, रात्री मला बिनसाखरेचा चहा आणि खारी बास होते, पहाटे जरा घाम सुटतो आणि हात थरथरतात, ते वयाचं. अक्का भांडं रिकामं देत नाहीत, त्यांची भाकरी-चटणी डब्यात तशीच पडून राहते, ते एक वेगळंच. साखरेची गोळी दोन वेळा चालू आहे, बाकी तब्येत बरी. माझा प्रश्न एवढाच, की मुलाला कदर नसेल तर मी ग्रुप सोडू का? का सुनेला सरळ तोंडावर विचारू?"

– एक आई, वडगाव, बेळगाव

बाई, ग्रुपचं नंतर बघू. खरं तर नंतरही बघणार नाही. तुमचं पत्र मुलाबद्दल आहे, सुनेबद्दल आहे, अंगठ्याबद्दल आहे आणि मला त्यात फक्त चहा-खारी दिसते आहे. चार लोकांचा स्वयंपाक करणारी बाई रात्री खारी बुडवून खाते, वर साखरेची गोळी घेते, पहाटे घामानं भिजून उठते आणि "ते वयाचं" म्हणून पुढच्या ओळीला सुनेवर जाते. एकसष्टाव्या वर्षी पहाटेचा घाम आणि थरथर नुसतं "वयाचं" म्हणून सोडून द्यायचं नसतं हो. पोटात काही नाही, म्हणून फुटतो आहे की काय, ते आधी बघायला हवं.

मी डॉक्टर नाही, पण एवढं मधुमेह असलेल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. साखरेच्या गोळ्या सगळ्या एका जातीच्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती एकटी साखर फारशी खाली पाडत नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत बसत नाही. पुष्कळदा या दोन्ही एकाच गोळीत असतात आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. संध्याकाळी तशी गोळी घेतली आणि पोटात दीड खारी, की रात्री साखर ७० च्या खाली उतरू शकते. त्याची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, छातीत धडधड, गरगरणं. तुम्ही यातली दोन लिहिली आहेत. बाकीची लिहायची राहिली असतील. वय वाढेल तशी ही लक्षणं अंगाला लवकर कळत नाहीत, आणि एकटीच्या घरात पहाटे बाथरूमला जाताना तोल गेला तर तो अंगठासुद्धा उपयोगाचा नाही.

खारीत मैदा आणि तूप-डालडा. तिच्यावर रात्र काढता येत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येते. त्याची बाजू घ्यायची म्हणून नाही, त्याला काय दिसतं ते तुम्हाला दिसावं म्हणून. रोज साडेचारला त्याच्या फोनवर एक भरलेलं ताट येतं. भाकरीची चवड, वांग्यावर तेलाचा तवंग, कोथिंबीर भुरभुरलेली, कडेला लिंबाची फोड. हे बघून कुठला मुलगा फोन करून विचारेल, "आई, जेवलीस का?" तुम्ही त्याला रोज न विचारता सांगताय की आई मजेत आहे, आईचं चार पदार्थांचं जेवण झालंय, काळजी करू नकोस. त्यानं विश्वास ठेवला. अंगठा टाकला. मीटिंगला गेला. तुम्हाला हवं होतं की त्यानं ताटामागची एकटी बाई ओळखावी, आणि तुम्ही तिला फोटोच्या चौकटीत कधी येऊ दिलं नाहीत. चहाच्या कपाचा फोटो एकदा तरी टाकलात का? रात्री साडेआठचा, खारीच्या पुड्यासकट? नाही टाकलात, कारण ते बरं दिसत नाही.

मला याचा राग येतो, आणि राग तुमचाच येतो. मुलाचा फारसा नाही.

सुनेबद्दल एकच सांगते: तिला तोंडावर काही विचारू नका. सकाळचा डबा दुपारी थंड खाणाऱ्या मुलीला रोज साडेचारला सासूची भरली वांगी दाखवली तर ती आणखी काय करणार? तिनं ग्रुप म्यूट केला नसेल तर मी तिला मानते.

आता अक्का.

पत्रात त्यांना दीड वाक्य मिळालं आहे, आणि तेही तक्रारीच्या सुरात. "भांडं रिकामं देत नाहीत, ते एक वेगळंच." बाई, तुमच्या अख्ख्या पत्रात तुम्हाला रोज उत्तर देणारं माणूस कोण असेल तर त्या अक्का. तुम्ही वांगी दिलीत, त्यांनी भाकरी पाठवली. तुम्ही उसळ दिलीत, त्यांनी शेंगाची चटणी घातली. त्यांनी अंगठा दाखवला नाही, उठून चुलीशी गेल्या. आणि त्यांची भाकरी तुम्ही डब्यात घालून झाकण लावलंत. कडक भाकरी असेल तर बिचारी टिकते तरी. मऊ असेल तर तिचं काय झालं ते मी विचारत नाही.

आपल्या भागात हे मला कुणी शिकवायला नको आणि तुम्हालाही नको. नागपंचमीच्या तोंडावर, रोट्टी पंचमीला, कानडी घरांतून पातळ कडक भाकऱ्या, वांग्याची भाजी, चार तऱ्हेच्या चटण्या गल्लीभर फिरतात. त्या घरची ह्या घरी, ह्या घरची त्या घरी. मराठी घरांतही येतात आणि आपल्याकडून बदल्यात काहीतरी जातंच. बाहेर मराठी-कानडीवरून, पाट्यांवरून, दाखल्यांवरून काय चालायचं ते चालू दे, ताटलीवर रुमाल टाकून दार ओलांडणारी बाई अजून थांबलेली नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं अक्कांशी तुमचं बोलणं दारातलंच असणार. भांडं पुढं, "घ्या", "बरं", आणि दार लोटलं. त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शेवटचं कधी जेवलात? तुम्हाला कानडी नीट येत नसेल आणि त्यांना मराठी अर्धवट येत असेल, तरी वडगावात इतकी वर्षं काढलेल्या दोन बायकांना "आणखी घ्या" आणि "आता बास" म्हणायला तेवढी भाषा पुरते. कानडीत "साक्री" म्हणा, वाढणं थांबेल. बहुतेक थांबणार नाही.

एकटीला जेवण जात नाही, हे तुम्ही कुठं लिहिलेलं नाही. मला ते चार वाजताच्या ताटात वाचता येतं. माणूस गेलं की पहिल्यांदा रात्रीचं जेवण जातं. दुपारचं कसंतरी ढकललं जातं. रात्री समोरचा पाट रिकामा दिसतो आणि घास फिरतो. ह्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण चार वर्षं झाली आणि आता ते अंगावर यायला लागलंय, म्हणून सांगते ते ऐका.

उद्या स्वयंपाक चारला करू नका, सहाला करा. उजेड जाऊ दे. साडेसातला वांग्याचं पातेलं उचला, समोर जा आणि या वेळी ते दारात देऊ नका. आत जा, खाली बसा, दोघींची ताटं वाढा आणि तिथं जेवा. भाकरी त्यांची, भाजी तुमची. फोन घरी ठेवून जा. लाज वाटेल, पहिल्या दिवशी अक्कांनाही अवघडल्यासारखं होईल, त्यांची सून असेल तर ती लगबग करेल, नातू टक लावून बघेल. होऊ दे. परवा पुन्हा जा. तेरवा त्या तुमच्याकडं येतील, कारण सारखं एकाच घरी जेवायचं हे त्यांनाही पटायचं नाही. मला दुसरा काही उपाय सुचत नाही आणि सुचवायचाही नाही. ग्रुप सोडा, ठेवा, माझं काही म्हणणं नाही. फोटो टाकायचाच असेल तर जेवण झाल्यावरचं उष्टं ताट टाका, मुलगा बघा काय विचारतो.

आणि हे अक्कांकडं जायच्या आधी, उद्या सकाळीच: गोळ्यांची पट्टी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा. पहाटेच्या घामाचं सांगा, रात्री काय खाता तेही खरं सांगा. तिथं तरी भरलेलं ताट दाखवू नका. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, अर्धीही करायची नाही; गोळी, तिचा डोस आणि वेळ तेच ठरवतील. तोपर्यंत उशाशी साखरेचा डबा, चमचा आणि पाणी ठेवा. घाम-थरथर झाली तर आधी साखर मोजा. मोजायला जमत नसेल तर वाट बघत बसू नका, सरळ साखर घ्या. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या आणि बरं वाटल्यावर वर काहीतरी खा. अक्कांची ती डब्यातली भाकरी चालेल. हे अक्कांनाही सांगून ठेवा, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडं द्या.

साखर मोजायचं यंत्र मुलानं घेऊन दिलं असणारच, फोन घेऊन देणारा तेही देतो. ते कपाटात असेल. सेल बघा आणि पट्ट्यांच्या डबीवरची मुदत बघा. संपली असेल तर येताना औषधाच्या दुकानातून नवी डबी घेऊन या.