‘विश्वास गमावल्याने’

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लेख दोनदा वाचला. ‘पुतिन यांच्या वर्तुळाला तडे’ हा मथळा पाहून मला एकदम २४ जून २०२३ ची रात्र आठवली. शनिवार होता. येवगेनी प्रिगोझिनच्या वॅग्नर या रशियन खासगी फौजेने बंड करून पहाटेच रोस्तोव्ह शहरातलं दक्षिणी लष्करी विभागाचं मुख्यालय ताब्यात घेतलं होतं. आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजले तेव्हा पुतिन टीव्हीवर आले आणि १९१७ ची आठवण काढत ‘पाठीत खंजीर’ म्हणाले. संध्याकाळपर्यंत वॅग्नरचा ताफा मॉस्कोच्या रोखाने निघाला होता आणि लिपेत्स्क भागात त्याला अडवायला जेसीबी लावून महामार्ग खोदत होते. मी पहिल्या पानावर टिपण लिहिलं, राजवटीचे दिवस भरले अशा थाटाचं. डाक आवृत्ती छापायला गेली. रात्री अकराच्या सुमारास बातमी आली: बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांच्या मध्यस्थीने ताफा मागे फिरला. शहर आवृत्तीत ते टिपण मी काढलं, पण जिल्ह्याच्या गावांत सकाळी लोकांच्या हातात तेच पडलं. त्या वाचकांना मी चुकीचं सांगितलं याची टोचणी अजून आहे, म्हणून तुला हे पत्र.

रशियाच्या सत्तावर्तुळात अविश्वास आहे, हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून तू जो निष्कर्ष काढतेस, तिथे मात्र माझं तुझ्याशी जमत नाही. अविश्वास म्हणजे फूट, आणि फूट म्हणजे कोसळणं, असे दोन जिने तू एका दमात चढलीस. तिथे अविश्वास हा कारभाराचा भाग आहे. वरच्या माणसाने खालच्यांना एकमेकांवर सोडायचं, कोणालाच फार मोठं होऊ द्यायचं नाही आणि सगळ्यांचं शेवटचं गाऱ्हाणं आपल्याच दारात येईल असं पाहायचं. युद्धाने या पद्धतीवरचा ताण वाढवला, पण पद्धत मोडली नाही.

२१ फेब्रुवारी २०२२ ची सुरक्षा परिषदेची बैठक पुन्हा बघ, घाई न करता. क्रेमलिनमधलं ते प्रचंड दालन. एका टोकाला मेजाशी पुतिन, आणि बरंच अंतर सोडून अर्धवर्तुळात खुर्च्यांवर बाकीचे. एकेकाने उठून बोलायचं. परदेशी गुप्तहेर खात्याचे प्रमुख सर्गेई नारिश्किन उभे राहिले आणि पाश्चिमात्यांना शेवटची एक संधी द्यावी असं काहीसं बोलू लागले. पुतिन म्हणाले, स्पष्ट बोला. ते म्हणाले, पाठिंबा देईन. पुतिन यांनी टोकलं, देईन की देतो? घाबरलेल्या नारिश्किन यांनी मग थेट दोनेत्स्क आणि लुहान्स्क हे युक्रेनचे फुटीर प्रदेश रशियात सामील करायलाच संमती दिली. त्यावर पुतिन हसले. आपण त्यावर बोलत नाही आहोत, प्रश्न फक्त त्यांच्या स्वातंत्र्याला मान्यता देण्याचा आहे. इतक्या वर्षांचा मुरलेला अधिकारी वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखा अडखळत होता, आणि ते सगळं देशाला टीव्हीवर दाखवलं गेलं. तेवढा तुकडा कापणं काय अवघड होतं? पण दाखवायचं होतं तेच. त्या दिवशी प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर ‘हो’ म्हटलं. तीन दिवसांनी रणगाडे युक्रेनमध्ये घुसले, तेव्हा ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणायची वाट कोणालाच उरली नव्हती. एकाच पापाचे वाटेकरी झालेली माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत आणि एकमेकांना सोडूनही जाऊ शकत नाहीत. तुझ्या लेखाचा कणा इथे सापडेल.

प्रिगोझिनला तू ‘युद्धविरोधी बंडखोर’ म्हटलं आहेस. तो शब्द आधी काढ. २३ जूनला, बंड पुकारण्याच्या काही तास आधी, त्याने युद्धाची सांगितलेली कारणंच खोटी आहेत असं म्हटलं, हे खरं. पण हाच माणूस तुरुंगांतून कैदी भरती करून युक्रेनमधल्या बाख्मुतच्या लढाईत पाठवत होता, आणि तिथे आपली सुमारे २०,००० माणसं मेली असं त्यानेच मे २०२३ मध्ये सांगितलं. मे महिन्यातली त्याची ती चित्रफीत आठव: मागे मृतदेहांच्या रांगा आणि हा संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव्ह यांना शिव्या देत ओरडतोय, शोइगू, गेरासिमोव्ह, दारूगोळा कुठाय? भांडण दारूगोळ्याचं होतं आणि मालकीचं होतं. स्वयंसेवी तुकड्यांनी १ जुलैपर्यंत संरक्षण मंत्रालयाशी करार करावा असा आदेश १० जूनला निघाला, म्हणजे त्याची फौज त्याच्या हातातून जाणार होती. बंडाची ठिणगी तिथली आहे.

त्या दिवसाचं खरं वैशिष्ट्य मला नंतर उमगलं. रोस्तोव्हच्या मुख्यालयात प्रिगोझिन उपसंरक्षणमंत्री येव्हकुरोव्ह आणि लष्करी गुप्तचर खात्याचे उपप्रमुख अलेक्सेयेव्ह यांच्यासोबत बसलेला दिसतो. समोर बंडखोर आणि आवाज जवळपास गप्पांचा. ना कोणी त्याच्या बाजूने उभं राहिलं, ना त्याला रोखायला जीव टाकून धावलं. वॅग्नरने पाडलेल्या विमान-हेलिकॉप्टरांतली माणसं मात्र जिवानिशी गेली. बाकी व्यवस्था भिंतीला पाठ लावून, कोण जिंकतंय ते बघत उभी होती. अविश्वासाचं रूप तिथे असंच असतं: विरोध नाही, थांबून राहणं. पाच दिवसांनी पुतिन यांनी त्याच प्रिगोझिनला क्रेमलिनमध्ये बोलावून चर्चा केली. आणि बंडाला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, २३ ऑगस्टला, त्वेर प्रांतात त्याचं विमान पडलं. दहाच्या दहा जण गेले. ते कोणी पाडलं हे लेखात ठामपणे लिहू नकोस. तारीख लिही, तेवढी पुरे.

आता पुढची गोष्ट, जिच्यावर तू जेमतेम दोन ओळी खर्च केल्यास. बंडानंतर शोइगूंना लगेच हलवलं नाही, कारण बंडखोराच्या मागणीने मंत्री गेला असं दिसलं असतं. जवळजवळ वर्षभर थांबले. २३ एप्रिल २०२४ ला शोइगूंचे उपमंत्री तिमूर इव्हानोव्ह सकाळी मंत्रालयाच्या बैठकीला हजर होते आणि संध्याकाळी लाचखोरीच्या आरोपाखाली ताब्यात होते. दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या काचेच्या पिंजऱ्यात लष्करी गणवेशातच उभे. मे महिन्यात शोइगूंच्या जागी अर्थतज्ज्ञ आंद्रेई बेलोउसोव्ह आले, शोइगू सुरक्षा परिषदेचे सचिव झाले, आणि त्यांच्या हाताखालचे एकामागून एक आत गेले. इव्हानोव्ह यांना १ जुलै २०२५ ला १३ वर्षांची शिक्षा झाली. मुख्य माणूस शाबूत, त्याची माणसं तुरुंगात. रशियन बोलीत ‘क्रिशा’ म्हणजे छप्पर. एखाद्याच्या डोक्यावर असलेलं कोणाचं तरी संरक्षण. बातमी वाचताना दर वेळी स्वतःला विचार, हा कोणाचा माणूस, आणि याचं छप्पर आज कोणी काढलं? पैसे खाल्ले का, हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण पुरावे फायलीत आधीपासून असतात. फाईल उघडायचा दिवस कोणी निवडला, ते शोध.

रशियाच्या ५८ व्या सैन्याचे जनरल इवान पोपोव्ह यांचंही नाव घाल. आघाडीवरची अडचण वर कळवली म्हणून आपल्याला काढलं, असं ते आपल्या सैनिकांसाठीच्या ध्वनिफितीत म्हणाले. जुलै २०२३ मध्ये खासदार गुरुल्योव्ह यांनी ती जाहीर केली आणि स्वपक्षाचीच बोलणी खाल्ली. पोपोव्ह यांना पुढे फसवणुकीच्या खटल्यात पाच वर्षं झाली.

आणि रोमान स्तारोवॉइत. हा परिच्छेद तू नीट लिहावास असं मला मनापासून वाटतं. आधी युक्रेन सीमेवरच्या कुर्स्क प्रांताचे गव्हर्नर, मे २०२४ पासून वाहतूकमंत्री. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनी फौजा कुर्स्कमध्ये शिरल्या आणि सीमेवरच्या तटबंदीवर खर्च झालेले पैसे गेले कुठे असा प्रश्न आला. गव्हर्नरपदावर त्यांच्यानंतर आलेले स्मिर्नोव्ह एप्रिल २०२५ मध्ये अटकेत गेले. ७ जुलै २०२५ ला स्तारोवॉइत यांना मंत्रिपदावरून काढल्याचा हुकूम निघाला आणि त्याच दिवशी मॉस्कोजवळ ओदिन्त्सोवोत गोळी लागलेला त्यांचा मृतदेह सापडला. तपास यंत्रणेने आत्महत्या हीच मुख्य शक्यता सांगितली.

रशियात अधिकाऱ्याला काढताना कायद्यात एक शब्दप्रयोग आहे: ‘उत्राता दोवेरिया’, विश्वास गमावल्याने. २०१० मध्ये मॉस्कोचे महापौर लुझकोव्ह याच कारणाने गेले. स्तारोवॉइत यांच्याबद्दल पत्रकारांनी विचारलं तेव्हा क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव्ह म्हणाले की हुकुमात तसे शब्द नाहीत; विश्वास गमावला असेल तर तसं लिहितात. तो हुकूम कागदावर कोरडा होता, कारण दिलेलं नव्हतं. तरी त्या माणसाला तो कळला. जिथे विश्वास हा शब्द सरकारी नोकरीच्या अटीत आहे, तिथे तो माणसामाणसांत कितपत उरत असेल, याचा विचार कर. आणि त्याच परिच्छेदात कुर्स्कमधल्या सुद्झा गावच्या लोकांना जागा दे. वरच्यांच्या हिशेबाचं बिल त्यांनी घरं सोडून भरलं. तुझ्या आत्ताच्या मसुद्यात एकही साधा माणूस नाही, ते मला खटकलं.

निनावी टेलिग्राम वाहिन्यांवरून घेतलेली वाक्यं काढून टाक. तिथे एक गट दुसऱ्याविरुद्ध माहिती सोडतो, आणि ती छापणारा नकळत त्यातल्या एका गटाचा निरोप्या होतो. हुकूम, खटले, तारखा, कोणाच्या खुर्चीवर कोण बसलं, एवढ्यावर उभं राहता येतं. लेख थोडा कमी चटकदार होईल, होऊ दे.

मथळा बदल. बाकी भाषा छान आहे, त्यात हात घालत नाही. स्तारोवॉइतचा परिच्छेद आधी लिहून पाठव. रविवारी मी घरीच आहे, दुपारनंतर फोन कर, ओळीने बसून बघू.

तुझा,
काका