मेरोपेनेम बंद करून साधं इंजेक्शन लावलं तर पेशंटचं नुकसान होतं का?

तुमच्या सासऱ्यांच्या रक्तात ई. कोलाय हा जंतू निघाला, डॉक्टरांनी मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक थांबवून साधं सेफ्ट्रायक्झोन लावलं, आणि तुम्हाला वाटतंय की स्वस्तात गुंडाळताहेत. रिपोर्टवर सेफ्ट्रायक्झोनपुढे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं) असेल तर डॉक्टर बरोबर आहेत. मी जळगावात लॅब टेक्निशियन आहे, आणि नेमका हाच तमाशा आमच्या घरी झालाय.

आण्णांना लघवीची नळी होती. थंडी वाजून ताप आला, बीपी उतरलं. यावलहून आणेस्तोवर दुपार. दाजी दारातूनच, "आधी भारीतलं लावा, टेस्टा मग करा!" मी ऐकलं नाही. दोन्ही हातांतून कल्चरच्या (रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या) बाटल्या भरल्या, दहा मिनिटं गेली, मग मेरोपेनेम सुरू. रात्रीच बाटली पॉझिटिव्ह. स्लाइडवर गुलाबी काड्या (स्टॅफ नावाचा जंतू असता तर जांभळे घोस दिसले असते). तिसऱ्या दिवशी रिपोर्ट: ई. कोलाय, जवळपास सगळ्यालाच सेन्सिटिव्ह. डॉक्टरांनी सेफ्ट्रायक्झोनवर आणलं आणि दाजींनी वॉर्ड डोक्यावर घेतला, "आम्ही काय पैसे बुडवणारे दिसतो का?" दाजींची केळी आहे. खताची गोणी जास्त, तर घड मोठा, हाच हिशेब इथेही. आण्णा आठव्या दिवशी घरी आले, पंधरवड्यात कळण्याची भाकरी मागायला लागले. दाजी मात्र दर आखाजीला ऐकवतात, "पहिले तीन दिवस भारीतलं होतं म्हणून वाचले."

अहो, भारी-हलकं काही नसतं, जंतू कोणता ते बघायचं. साधा स्टॅफ असेल, एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ) नव्हे, तर जुनं सेफाझोलिन त्या महागड्या व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस पडतं.

सेफ्ट्रायक्झोनपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे लागू पडत नाही) असेल तर मात्र मेरोपेनेम सोडू देऊ नका. अशाच ई. कोलाय आणि क्लेब्सिएला या जंतूंवर 2018 मध्ये मेरिनो नावाची चाचणी छापून आली. 30 दिवसांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम या दुसऱ्या अँटिबायोटिकवाले 12.3 टक्के दगावले, मेरोपेनेमवाले 3.7 टक्के. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही.

किती दिवस द्यायचं, तेही विचारून घ्या. रक्तातल्या जंतूंवरच्या 2024 च्या बॅलन्स चाचणीत अँटिबायोटिकचे 7 दिवस 14 दिवसांपेक्षा कमी पडले नाहीत, पण त्यात स्टॅफ ऑरियसवाले घेतलेच नव्हते. आणि मी डॉक्टर नाही. ताप उतरलाय का, नळी बदलली का, किडनी कशी आहे, हे पेशंटजवळ उभा असलेलाच ठरवणार.