मिकीच्या शेतावरचं जेवण

प्रश्न : ताई, नमस्कार. मे महिन्यात आम्ही पाच जण अमेरिकेला येतोय. मी, नवरा, साडेचार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. दीर अटलांटाला असतात. तिथून गाडीने ऑरलँडोला जाऊन डिस्ने वर्ल्डमध्ये तीन दिवस काढायचं ठरलंय. मुलीचा एकच हट्ट आहे, मिकीबरोबर जेवायचं. पण किल्ल्यातलं सिंड्रेलाचं रेस्टॉरंट आणि शेफ मिकीज, दोन्ही भरलेली दिसतात. जाऊबाई म्हणतात, आता चांगलं काही उरलं नाही, राहू द्या. आम्ही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मुलीला मराठीशिवाय काही बोलता येत नाही, आणि गेल्या वर्षी मॉलमध्ये अस्वलाचा पोशाख केलेला माणूस जवळ आला तर ती किंचाळून रडली होती. सासऱ्यांचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. ते आत्तापासूनच म्हणताहेत, ‘तुम्ही हिंडा, मी बाकड्यावर बसतो.’ काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझे बाबा आठवले. तेही तासगावचे द्राक्ष-बेदाणावाले. सात वर्षांपूर्वी ते आमच्याकडे टॅम्पाला आले होते. पहिल्या दिवशी किल्ला, मिरवणूक, आतषबाजी सगळं त्यांनी शहाण्या मुलासारखं पाहिलं आणि रात्री म्हणाले, ‘छान आहे. उद्या मी घरीच थांबतो.’ दुसऱ्या दिवशी मी त्यांना आग्रह करून ज्या ठिकाणी नेलं, तेच मी तुम्हाला सुचवणार आहे.

डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कमध्ये ‘द लँड’ नावाची मोठी इमारत आहे. पूर्ण इमारतच शेती, माती आणि पाणी यांना वाहिलेली. तिच्यात वरच्या मजल्यावर ‘गार्डन ग्रिल’ नावाचं रेस्टॉरंट आहे. मिकी, प्लूटो आणि चिप-डेल ही खारींची जोडी तिथे प्रत्येक टेबलापाशी येते. मिकी चौकडीचा शर्ट, डंगरी आणि गवती टोपी घालून शेतकऱ्याच्या वेशात असतो.

हे ठिकाण लोकांच्या नजरेतून का सुटतं, ते तिथे गेलात की लगेच कळेल. इमारतीत शिरल्यावर आपण वरच्याच मजल्यावर असतो आणि सगळी गर्दी सरकत्या जिन्याने खाली धावते. कारण खाली ‘सोअरिन’ ही उडण्याची राइड आहे, आणि खाण्याची मोठी जागाही खालीच आहे. गॅलरीने सरळ पुढे चालत जावं असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर हे आणखी सोयीचं, जेवायला जाताना इमारतीत एकही पायरी उतरायची नाही.

आता खरी गंमत सांगते. हे रेस्टॉरंट फिरतं. एपकॉट १९८२ साली सुरू झालं तेव्हापासून फिरतंय. तेव्हा त्याचं नाव होतं ‘द गुड टर्न’, आताचं नाव १९९३ पासूनचं. आत शिरताना पायाखाली पाहा, जमिनीत एक बारीक फट दिसेल. तिच्या अलीकडची जमीन स्थिर आणि पलीकडची, म्हणजे टेबलं ज्यावर आहेत ती, चालती. गती इतकी कमी की पाण्याचा पेलाही हलत नाही. आम्ही माझ्या मुलाचे हात धुवायला गेलो आणि परत आलो तर आमचं टेबल जागेवर नव्हतं! पाच-सहा पावलं पुढे सरकलं होतं, आणि बाबा तिथून हात हलवत होते. मुलगा आजही मिकीच्या आधी ही गोष्ट सांगतो.

टेबलांच्या एका बाजूला कठडा आहे आणि खाली बोटींची राइड. जेवता जेवता खाली घनदाट जंगल दिसतं, मग वाळवंट, मग गवताळ माळ आणि त्यावरचे गवे, मग एक शेतघर. मधून पाण्यावरून माणसांनी भरलेली बोट जाते, त्यातली पोरं वर बघून हात करतात. आपणही करायचा. सासऱ्यांना कठड्याकडची जागा द्या, एवढं माझं ऐका.

जेवणानंतर मात्र खाली उतरा आणि त्याच बोटीत बसा. राइडचं नाव ‘लिव्हिंग विथ द लँड’. सुमारे चौदा मिनिटांची आहे आणि रांग बहुतेक वेळा छोटी असते. पहिला भाग तुम्ही वरून पाहिलेलाच, पण पुढे बोट खऱ्याखुऱ्या काचघरांत शिरते. मातीशिवाय वाढवलेली पिकं, हवेत लोंबणारी मुळं आणि त्यांवर फवारलं जाणारं खतपाणी, मांडवासारखा पसरलेला टोमॅटो, प्रचंड भोपळे, माशांच्या टाक्या. इथल्या काही भाज्या वर तुमच्या ताटात येतात. तीन दिवसांतली हीच चौदा मिनिटं तुमच्या सासऱ्यांच्या लक्षात राहतील, असं मला मनापासून वाटतं.

जमलं तर ‘बिहाइंड द सीड्स’ ही पायी फेरीही घ्या. तिचे पैसे वेगळे पडतात आणि साधारण तासभर लागतो. वाटाड्याबरोबर काचघरात चालत जाता येतं. बाबांनी तिथल्या तरुण मुलीला विचारायला लावलं, ‘पाण्याची ईसी (म्हणजे त्यातलं क्षारांचं प्रमाण) किती ठेवता?’ मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर ती हसून उत्तर देऊ लागली होती. ईसी, पीएच, ड्रिप हे शब्द दोघांचेही सारखेच. पाच मिनिटं ती इंग्रजीत आणि बाबा मराठीत बोलत होते आणि माझी त्यात काही गरज नव्हती. त्या रात्री बाबांनी तासगावला फोन लावून माझ्या भावाला मुळांचं सगळं वर्णन ऐकवलं.

आता मुलीचं. ती मराठीच बोलते याची काळजी सोडून द्या. मिकी, प्लूटो, चिप, डेल असे पूर्ण मुखवट्यातले दोस्त तिथे बोलतच नाहीत. सगळं खुणांनी चालतं. किल्ल्यातल्या राजकन्या बोलतात, इंग्रजीत गप्पा मारतात, आणि तिथे आपली पोरं आईच्या ओढणीत तोंड लपवतात. त्यामुळे किल्ल्यातलं बुकिंग मिळालं नाही हे तुमच्या मुलीच्या दृष्टीने बरंच झालं. ‘मिकी, हे बघ माझे नवे बूट’ असं तिने मराठीत म्हणावं, तो वाकून बूट बघेल.

भीतीचं जरा नीट सांगते, कारण इथे मोठी माणसंच चूक करतात. मूल रडतंय आणि आपण ‘अगं, मिकी आहे ना तो, जा ना’ म्हणत त्याला पुढे ढकलतो, कारण फोटो हवा असतो. तसं करू नका. बसतानाच वाढणाऱ्या माणसाला सांगा की मुलगी मुखवट्यांना घाबरते. मग ते दुरूनच हात हलवतात, गुडघ्यावर बसतात, वाट पाहतात. तिला बाकाच्या आतल्या बाजूला, आजी आणि तुमच्या मधे बसवा, म्हणजे कुणी एकदम जवळ येऊ शकणार नाही. जागा आटोपशीर असल्यामुळे बहुतेक वेळा ही मंडळी दुसऱ्यांदाही फिरकतात. पहिल्या फेरीत लपलेलं मूल दुसऱ्या फेरीत प्लूटोच्या नाकाला हात लावताना मी पाहिलंय.

घरीच तिला एक खेळ शिकवून ठेवा, चिप कोणता आणि डेल कोणता. चिपचं नाक छोटं आणि काळं, चॉकलेटच्या दाण्यासारखं. डेलचं मोठं आणि लाल, शिवाय त्याच्या पुढच्या दोन दातांत फट. ही जोडी १९४३ साली पहिल्यांदा आली तीच मुळी प्लूटोला छळायला. तिथेही प्लूटो जवळ आला की त्यांची जुनी खोड जागी होते. ओळखायचं काम हातात असलं की मुलाची भीती निम्मी होते. सहीची वही न्या, आणि पेन जाडजूड न्या. त्या मोठ्या हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही.

जेवण. इथे बुफे नाही. मोठ्या थाळ्या टेबलावर येतात, सगळ्यांनी वाटून घ्यायचं आणि हवं तेवढं परत मागायचं. नेहमीच्या थाळीत मांस असतं, पण आधी सांगितलं की शाकाहारींसाठी वेगळं आणून देतात. सांगायचं मात्र अगदी फोड करून. इथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं बसतं, म्हणून ‘मांस नाही, मासा नाही, अंडं नाही’ असं तिन्ही शब्द उच्चारून सांगा. बटाट्याच्या लगद्यावरचा रस्सा मांसाच्या पाण्यातला असू शकतो, ब्रेडच्या सारणाचंही तेच, आणि गोड पदार्थात अंडं असणारच असं धरून चाला. बुकिंग करताना लिहून ठेवा आणि बसल्यावर पुन्हा सांगा. मी हे पोळून शिकले आहे. दुसऱ्या एका हॉटेलात अशाच न्याहारीला मी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणाले आणि आईच्या ताटातल्या शेंगांत डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. आईने काही न बोलता ताट बाजूला ठेवलं आणि दिवसभर पाण्यावर काढला. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

सासूबाईंना चवीचं फार काही लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पर्समध्ये लसणाची चटणी असू द्या आणि अंगावर शाल, एसी कडक असतो.

बुकिंग ६० दिवस आधी खुलतं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस आधी, मुक्कामातल्या १० दिवसांपर्यंतचं एकदम करता येतं. पण लोक बेत बदलतात, जागा सुटत राहतात, आणि जायच्या एक-दोन दिवस आधी तर बऱ्याच सुटतात. रोज सकाळी चहाबरोबर अ‍ॅप उघडून पाहायचं काम दिरांना द्या. दुपारी तीन-साडेतीनची वेळ मिळाली तर बिनधास्त घ्या. फ्लोरिडात मे संपता संपता दुपारच्या पावसाचे दिवस सुरू होतात, आणि बाहेर लोक प्लॅस्टिकचे रेनकोट घालून उभे असताना तुम्ही आत मिकीबरोबर असाल.

प्रश्न : आमची मुलगी दोन वर्षांची आहे. ऑरलँडोला एका परिषदेसाठी जातोय, मोकळी फक्त एक सकाळ. त्यासाठी पार्कचं महागडं तिकीट काढणं जिवावर येतं. मिकी-मिनी कुठे भेटतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही गार्डन ग्रिलला जाऊ नका, ते पार्कच्या आत आहे आणि एपकॉटचं तिकीट लागतंच. तुमच्यासाठी ‘केप मे कॅफे’. हे डिस्नेच्या बीच क्लब हॉटेलात आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. सकाळच्या न्याहारीला मिनी, गूफी आणि डोनाल्ड समुद्रावर निघाल्यासारखे कपडे घालून येतात. मिकी नसतो, तेवढं चालवून घ्या. बुफे आहे, त्यामुळे काय उचलायचं ते डोळ्यांना दिसतं. रात्री तिथे मासळीचं जेवण असतं आणि त्या वेळी यांच्यापैकी कुणीच येत नाही, म्हणून वेळ सकाळचीच घ्या. तीन वर्षांखालच्या मुलांचे पैसे पडत नाहीत, तरी बुकिंगमध्ये तिचा आकडा धरा. खाऊन झालं की हॉटेलच्या मागे तळ्याकाठी फेरी मारा. लाकडी फळ्यांचा रस्ता आहे, बाबागाडी छान चालते, आणि त्यालाही पैसे नाहीत.

प्रश्न : अशा जेवणाला माणशी चार-पाच हजार रुपये द्यायचे, तेही शाकाहारी माणसाने. खरंच पटतं का तुम्हाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या जेवणाचे म्हणून नाही पटत. मोठ्या माणसाचे साठ डॉलरच्या घरात जातात, वर कर आणि टिप. १० वर्षांपासून पुढे मूल मोठ्यांत धरलं जातं, तेव्हा सातवीतल्या मुलाचेही पूर्ण पैसे. तुमची मुलं मोठी असतील आणि त्यांना मिकीचं अप्रूप उरलं नसेल तर जाऊ नका. त्याच इमारतीत खाली काउंटरवरचं साधं जेवण घ्या आणि बोटीत दोनदा बसा.

पण मूल लहान असेल तर हिशेब वेगळा. पार्कात मिकीला भेटायचं तर उभ्याने रांग, आणि नंबर आला की एक मिनिट. इथे तुम्ही बसलेले असता आणि तो चालत येतो. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, ज्यांच्याच्याने उभं राहवत नाही, त्यांच्यासाठी मी हे पैसे देते आणि पुन्हा देईन. माझ्या बाबांचा प्लूटोबरोबरचा फोटो आमच्या तासगावच्या घरात देवघराशेजारी लावलाय. डोक्यावर गांधी टोपी, प्लूटोचा पंजा त्यांच्या खांद्यावर, आणि मागे कठड्यापलीकडे ते शेतघर. मिकीबरोबरचाही फोटो काढलेला होता, पण बाबांनी फ्रेम करायला तो दिला नाही.