स्कॉटलंडच्या स्काय बेटावर कंट्रीसाइड रेंजर म्हणजे आपल्या फॉरेस्ट गार्डसारखंच काम का?

नाही, दंड ठोकायचा अधिकार सहसा नसतो, निम्मं काम लोकांशी गोड बोलायचंच आहे. मी एक सीझन तिथे व्हॉलंटियर होते. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये नीट वागलात तर खाजगी जमिनीवरूनही बहुतेक ठिकाणी चालता येतं, त्यामुळे कोकरं जन्मायच्या दिवसांत कुत्र्याला पट्टा लावा, एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायला ठेवलेल्या जागेत गाडी पार्क करू नका (गावकऱ्यांचा सगळ्यात मोठा वैताग हाच) हे दिवसभर सांगायचं, मग वादळानंतर पोरांसोबत किनाऱ्यावरून तुटकी जाळी न् दोर गोळा करायचे, पायवाटांचे चर मोकळे करायचे, गरुड बघायला आलेल्यांना दुर्बीण लावून द्यायची. फक्त नोकऱ्या मोजक्या, बऱ्याच सीझनपुरत्या, आणि भाड्याने घर मिळणं खरंच अवघड, ते आधी बघा.