स्पाच्या रेसला तंबूत राहता येईल का? येईल, फक्त तंबू चढाला लावा

सांगलीहून तुम्ही तिघं जुलैमधे बेल्जियमला स्पा-फ्रँकोरशांची फॉर्म्युला वन बघायला चाललाय, हॉटेल परवडत नाही, तर ट्रॅकजवळ तंबूत निभेल का असं विचारलंय. निभेल, बिनधास्त राहा. मी मेढ्याचा, आता साताऱ्यात असतो, पण जर्मनीत नोकरीला होतो तेव्हा दोनदा जाऊन आलोय आणि दोन्ही वेळेला तंबूतच राहिलोय.

पण पावसाचं आत्ताच डोक्यात घ्या. ट्रॅक ७.००४ किलोमीटरचा, बेल्जियममधल्या आर्डेनच्या डोंगरात, वरखाली शंभर मीटरचा फरक, त्यामुळे एका टोकाला गाड्या पाणी उडवत जातायत आणि दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा ठाक असं तिथं खरंच होतं. महाबळेश्वरला झोडपतोय आणि दहिवडीत धुरळा, तसंच, पण सात किलोमीटरच्या आत. २०२१ च्या रेसला तर सेफ्टी कारमागे, म्हणजे धोका असला की सगळ्यांना हळू चालवायला पुढे सोडतात त्या गाडीमागे, जेमतेम दोन-तीन लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) झाले आणि अर्धे पॉइंट देऊन मोकळे झाले, लोक तासन्‌तास भिजत उभे होते ओ.

कॅम्पिंग म्हणजे बरीचशी कुरणंच, उताराची. पहिल्या वर्षी आम्ही उशिरा पोचलो, खालच्या कोपऱ्यात सपाट जागा दिसली म्हणून तंबू ठोकला. शुक्रवारी रात्री अडीचला जाग आली तर पाठ गार, अंगाखालची मॅट पाण्यावर हलतेय आणि खुंट्या नुसत्या बोटाने वर येतायत इतकी माती भुसभुशीत झालेली. शेजारी भगव्या टीशर्टातले डच लोक होते, त्यांच्या देशाचा ड्रायव्हर व्हर्स्टॅपन, त्याचे चाहते, त्यांनी काही न विचारता आम्हाला त्यांच्या मोठ्या तंबूत घेतलं, सकाळी मी सगळ्यांना आलं घालून चहा केला. त्या माणसांची आठवण अजून येते.

म्हणून सांगतो, गुरुवारीच पोचा, चढाची जागा धरा, झोपायची बाजू वरच्या अंगाला ठेवा. आणि एक माणदेशी घोंगडी न्याच, जुलै असला तरी रात्री दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरतं आणि घोंगडी थोडी दमट झाली तरी ऊब देते, स्लीपिंग बॅग ओली झाली की संपलं. गॅसचा डबा विमानात नेऊ देत नाहीत, तिकडेच घ्या. गमबूट पण तिकडेच. व्हिसाला राहायच्या जागेचा पुरावा लागतो म्हणून कॅम्पचं बुकिंग लवकर करून कागद हातात ठेवा.

साधं जनरलचं, म्हणजे ठरलेली सीट नसलेलं तिकीट असेल तर रविवारी पहाटेच उठून केमेल स्ट्रेट म्हणून ट्रॅकचा लांब सरळ पट्टा आहे, त्याच्या गवताच्या बांधावर जागा धरा, तिथं ओ रूज नावाच्या वळणाचा चढ चढून वर आलेल्या गाड्या समोरून सुसाट जातात. तिथं ताडपत्री अंथरून बसा, तिघांपैकी एकजण कायम जागेवर पाहिजे.