घरावर आडवं झालेलं झाड

मे संपताना वळवाची वावटळ सुटली की या सदरातले प्रश्न बदलतात. भिंतीची ओल आणि गळकी गच्ची मागे पडते, झाडं पुढे येतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर घरदुरुस्तीच्या कामाने मी त्या पट्ट्यात बरेच दिवस होतो. खालची बरीचशी उत्तरं तिथे शिकलेली आहेत, काही चुका करून.

प्रश्न: काल रात्री परसातला फणस आमच्या कौलारू घराच्या मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर, पडला. माणसं सुखरूप आहेत. शेजारी म्हणतात, पाऊस यायच्या आत खोड मधोमध कापून मोकळं करा. करवतवाला दुपारी येतोय. चालेल ना? (म्हसळा)

उत्तर: त्याला येऊ द्या, पण मधोमध कापू देऊ नका. त्याआधी मागची खोली आणि तिच्या शेजारची खोली रिकामी करा. आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, हललं असेल तर पुढच्या पाख्यालाही त्याचा आधार उरलेला नसतो, त्यामुळे पुढची पडवी शाबूत दिसली तरी आज रात्री तिथे झोपू नका.

आता खोडाचं सांगतो. तुमचा फणस दोन ठिकाणी टेकलाय, एकीकडे मुळांवर आणि दुसरीकडे तुमच्या वाशांवर. मध्ये कापलात की शेंड्याकडचा तुकडा सगळं वजन घेऊन घरात उतरेल. बुंध्याकडची गंमत तर वेगळीच. मुळांचा गड्डा मातीसकट उपटून उभा राहिलेला असतो आणि त्याला तसा धरून ठेवतं ते आडव्या खोडाचं वजन. ते वजन गेलं की गड्डा फटकन परत खड्ड्यात बसतो आणि उरलेला बुंधा उभा होतो. श्रीवर्धनजवळच्या एका वाडीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. कापणारा नशिबाने बाजूला उभा होता, कोयता मात्र त्या खड्ड्यात गाडला गेला. पोरं अशा खड्ड्यात खेळायला उतरतात. आधी त्यांना हाकला.

सुरुवात शेंड्याकडून करा. मोकळ्या लोंबणाऱ्या बारीक फांद्या आधी, छपरावर टेकून झाड तोलून धरणाऱ्या फांद्या सगळ्यात शेवटी. फांद्या उतरवता उतरवता घरात तुळईखाली टेकू द्या, आणि टेकूच्या पायाशी फळी घाला, नाहीतर तो शेणाच्या जमिनीत रुतून बसतो. मग खोड चेनपुलीने किंचित उचलून धरायचं आणि वाशांवरचा भार गेल्यावर तुकडे करायचे. रस्ता असेल तर हायड्रा क्रेन बोलवा. तिचं भाडं नवं आढं घालण्याच्या खर्चापेक्षा कमीच पडतं.

वाकलेल्या फांदीचं लाकूड एका बाजूने ताणलेलं आणि दुसऱ्या बाजूने दबलेलं असतं. आधी दबलेल्या बाजूने थोडंसं कापायचं, मग ताणलेल्या बाजूने पुरं करायचं. उलट केलं तर फांदी उभी चिरते आणि कापणाऱ्याच्या तोंडावर येते. करवतवाल्याला हे विचारून बघा. त्याने न अडखळता सांगितलं तर माणूस जाणता आहे.

पाऊस आलाच तर ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यापर्यंत न्या. नुसत्या भोकावर टाकलीत तर वरून येणारं पाणी तिच्या खाली शिरतं. दोर कौलांना न बांधता वाशांना बांधा. आणि हे सगळं शिडीवरून करा. ओल्या कौलांवर, त्यांच्याखालच्या मोडक्या रिपांवर कुणालाही चढवू नका.

प्रश्न: झाडाखाली विजेची तार अडकली आहे. लाइट गेलीय, म्हणजे तार मेलेलीच असणार. बांबूने बाजूला केली तर? (अलिबाग)

उत्तर: अजिबात नको. तुमच्याकडची लाइट गेली म्हणून तारेतली गेलीच असं नसतं. शेजाऱ्याने जनरेटर नीट स्विच न करता थेट घरच्या वायरिंगला जोडला असेल, तर वीज उलटी येऊन त्याच तारेत उतरते. ओला बांबू आणि ओलं झाड दोन्ही वीज वाहून नेतात. 1912 वर कळवा, दहा मीटर लांब राहा आणि लाइनमन जागेवर येऊन ‘आता हात लावा’ म्हणेपर्यंत थांबा. ‘बंद केलंय’ असं फोनवर कळणं पुरेसं नाही.

प्रश्न: ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारातला गुलमोहर वादळात तळमजल्यावरच्या माझ्या फ्लॅटवर पडला. ग्रिल, खिडकी आणि आतलं फर्निचर गेलं. सोसायटी म्हणते, ही देवाची करणी. माझी गृहविमा पॉलिसी आहे. पैसे कोण देणार?

उत्तर: आधी तुमचा विमा. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या विकतात त्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ तर धरलेलं आहेच, शिवाय बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसानही आहे आणि तिथे पडणाऱ्या झाडाचं उदाहरणच दिलेलं आहे. मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. त्यामुळे फर्निचरचे तुकडे टेम्पोत भरण्याआधी फोटो काढा: लांबून एक, ज्यात झाड आणि तुमची खिडकी दोन्ही दिसतील, मग जवळून. सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत मोडकं सामान फेकू नका.

सोसायटीचं ‘देवाची करणी’ कधी खरं असतं, कधी निव्वळ पळवाट. बुंध्याचा फोटो काढा. आतून काळं, भुसभुशीत लाकूड किंवा बुंध्याशी उगवलेली अळंबी दिसली, आणि ‘हे झाड धोकादायक आहे’ असं पत्र कुणी आधी दिलेलं असलं, तर देवाला मध्ये आणायचं कारण उरत नाही. तो निष्काळजीपणा झाला. निरोगी झाड वादळात उन्मळलं असेल तर मात्र भांडणात वेळ घालवू नका.

गुलमोहराबद्दल माझं मत कठोर आहे. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि शहरात त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. शिवाय केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडलेली. असं झाड वादळाची वाटच बघत असतं.

प्रश्न: घराशेजारचा सात-आठ वर्षांचा कलमी आंबा अर्धा कलंडलाय, अजून घरावर आलेला नाही. तोडावा की उभा करता येईल? तोडायला परवानगी लागते का? (दापोली)

उत्तर: एवढ्या वयाचा आंबा उभा करता येतो, मात्र मुळं उन्हात सुकायच्या आत. तोवर ती ओल्या गोणपाटाखाली ठेवा. फांद्यांचा भार कमी करा, फाटलेली मुळं धारदार कोयत्याने साफ कापा, मग दोरांनी हळूहळू उभा करून माती दाबा आणि तीन बाजूंनी दोरांचे ताण द्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मात्र घराकडच्या बाजूची मुळं तुटून तो घराकडेच झुकणार असेल तर मोह आवरा. जुना, भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागलेला आंबा उभा करण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

परवानगी लागते. गावात 1964 चा वृक्षतोड कायदा लागू आहे आणि त्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. नारळ नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. शहरात 1975 च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. झाड मुळासकट आडवं होऊन पडलेलं असेल तरी हटवण्याआधी फोटो काढून ठेवा आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा, म्हणजे उद्या ‘उभं झाड तोडलं’ असा आरोप यायला नको.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो. गुहागरचं घर बंद आहे, त्यावर माड पडल्याचं काकांनी कळवलं. सरकारी मदत मिळते का?

उत्तर: पक्क्या घराच्या किमान 15 टक्के पडझडीसाठी 2022 पासूनच्या निकषांनुसार 6,500 रुपये आहेत, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. बंद घराला मदत मिळेलच असंही धरून चालू नका. तरी पंचनामा करून घ्याच, विम्याच्या दाव्याला तो उपयोगी पडतो. काकांनी तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावं. तुम्ही त्यांना सातबारा, घरपट्टीची पावती आणि तुमच्या सहीचं संमतिपत्र पाठवा. एक लक्षात ठेवा: घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते करवतीने कापू नयेत, तुकडे पाण्याने भिजवून नाकाला मास्क बांधून उचलावेत. काकांना आजच फोन करून सांगा, साफसफाई त्यांनी सुरू केलेली असणार.